माईक आहे तर माईकमध्येच लागेल

रवि., १ जाने.
बाबांसाठी बनवलेल्या, आवाज वाढवायच्या डब्यातलं घूंऽऽ गेलं एकदाचं! साध्या वायरीतून घरातली सगळी वीज ऐकू येत होती. आज जाळीची वायर टाकली, जाळी ग्राउंडला सोल्डर केली. शांत.
बाबांच्या कॉलरला माईक लावला. गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज म्हणजे नुसती हवा. डब्याच्या स्पीकरमधून पहिलं वाक्य आलं, "चहात साखर नाही." मी स्वयंपाकघरात होती. तिथं ऐकू आलं! रडली थोडी.

गुरु., ५ जाने.
इथल्या मराठी मंडळाचे सचिव बक्षीकाका आले. पंधराला तिळगुळाचा कार्यक्रम. रेल्वेतली नोकरी सांभाळून बाबांनी मंडळाचं सूत्रसंचालन किती वर्षं केलं, म्हणून काका म्हणाले, "यंदा दोन शब्द बोला, भाऊ." बाबांनी डबा सुरू केला अन् मान डोलावत म्हणाले, "हव." काका दचकलेच.
माझ्या धाकट्या भावाचं, नितीनचं मात्र, "दीदी, रिस्क मत लो." मराठीत विचारलं तरी हिंदीतच उत्तर. काहून रिस्क? बाप बोलून राहिला, बॉम्ब नाही फोडून राहिला.

मंगळ., १० जाने.
नवा रायपूरहून कामावरून येताना बसमध्ये पंधराचा कार्यक्रमच डोक्यात. घरी येऊन हॉलच्या साउंडसाठी डब्याला आउटपुट काढलं. माईकचा आवाज मुळात बारीक. माझं सर्किट त्याला टीव्हीतून निघतो तेवढा करतं. म्हणजे हॉलच्या मिक्सरमध्ये 'लाईन'च्या भोकात जायला पाहिजे. माईकच्या भोकात गेला तर तिथं आणखी वाढेल अन् फाटेल. प्लगवर पट्टी चिकटवली: सिर्फ लाईन.
बाबा रोज दुपारी सराव करतात. मले ऐकू देत नाहीत.

रवि., १५ जाने.
लिहूनच काढते.
साउंडवाल्याला प्लग देताना नीट सांगितलं. तो म्हणाला, "दीदी, माइक है तो माइक में ही लगेगा ना." मी म्हटलं, भैया, अंदर सर्किट है, लाईन में लगाइए. "आप बैठिए, हमारा रोज का काम है." बक्षीकाका पण, "बस गं, त्याले करू दे." बसली मी. बसलीच कशाले?
बाबा उठले. नवं जाकीट. "नमस्कार मंडळी" म्हटलं असेल. बाहेर आलं ते पत्रा फाडल्यासारखं. पोरांनी कान झाकले. मागून कोणीतरी हसलं. बाबांना कळेना, त्यांनी आणखी जोर लावला, आणखी फाटलं. मी धावली, पण तोवर काकांनी माईक काढून घेतला होता. "राहू द्या भाऊ, त्रास नको."
अन् मग लावलं काय? बाबांच्याच जुन्या सूत्रसंचालनाचं रेकॉर्डिंग! नितीननं आधीच देऊन ठेवलं होतं. 'सेफ्टी के लिए'. तो भरदार आवाज हॉलभर, लोक टाळ्या वाजवून राहिले, अन् बाबा स्टेजवर खुर्चीत. जिवंत माणूस! समोर बसलेला!
मी साउंडवाल्याकडे गेली, प्लग उपटून लाईनमध्ये घातला, काकांच्या हातातल्या माईकवर बोट आपटलं. टक् टक्, स्वच्छ. सगळ्यांसमोर काकांवर ओरडली. काय काय बोलली, आठवत नाही.


बुध., १८ जाने.
बाबा डबा लावत नाहीत. पाणी हवं तर ग्लास दाखवतात.
नितीनला विचारलं, बाबांना सांगायचं तरी होतं. "मैंने तो उनकी इज़्ज़त बचाई, दीदी." इज्जत! लोकांना बाबांचा आवाज आवडतो, आता तो ज्याच्याजवळ राहिला नाही तो माणूस अडचणीचा.
जेवण झाल्यावर बाबांनी जवळ बोलावलं. हवेच्याच आवाजात, कान लावून ऐकावं लागलं: "तू काहून भांडली? मले उठून बोलायचं होतं. तू ओरडत होती, मग मी काय बोलू?"
त्यांच्यासाठी भांडली अन् माझ्यावरच राग. गच्चीवर जाऊन बसली. ते बरोबर बोलले, म्हणून तर जास्त चीड आली.

रवि., २२ जाने.
बक्षीकाका शाल-नारळ घेऊन आले. झालं ते झालं म्हणे. वर, "ते रेकॉर्डिंग लोकांना फार आवडलं, पुढच्या कार्यक्रमात पण लावू, भाऊंना समोर बसवू." मी तोंड उघडलं, बाबांनी हात वर केला.
बाबांनी कॉलरला माईक लावला, सावकाश. मग डब्यातून: "मी येईन तर बोलीन. रेकॉर्ड लावायची असेल तर खुर्ची ठेवू नका."
काका शालीची घडी चाळवत राहिले. "कमिटीत विचारतो." चहा अर्धा टाकून गेले.
नंतर मी बसली नवीन केबल करायला. आत दोन रेझिस्टर टाकले की सिग्नल बारीक होतो, मग कोणी माईकच्या भोकात खुपसला तरी फाटणार नाही. करून राहिली अन् मनात शिव्या देऊन राहिली, त्या साउंडवाल्याच्या अडाणीपणासाठी मी काहून वायर कापू?
बाबा बघत होते. "नको करू," म्हणाले. "त्याले लाईनमध्ये लावायला सांगू."
"अन् नाही ऐकलं तर?"
बाबांनी माझ्या हातातली वायर काढून बाजूला ठेवली.
केबल अर्धीच आहे. कमिटीचा फोन नाही.