तारीख नसलेली पिशवी

कॉर्क, आयर्लंड
१२ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
रेश्माचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मी सुखरूप पोचले. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि म्हणून तूच एवढी ओरडतेस की तुळसाच्या शेजाऱ्यांनाही आता आपल्या म्हशींची नावं पाठ झाली असतील. तेव्हा पत्रच बरं. याचा फोटो दीपेशदादाच्या मोबाइलवर पाठवते. तो पोलादपुरात कागदावर छापून वाडीत घेऊन येईल. तूही लिही. चौथीत पहिली आल्याचं आयुष्यभर सांगतेस, तर आता आळस नको.

तुळसा न्यायला आली होती. वाळली आहे गं. इस्पितळात नर्सचं काम, बारा बारा तास उभं राहायचं. गाव मात्र छान आहे. डोंगर, धुकं, पाऊस. कशेडी घाटात उभं राहिल्यासारखं वाटतं, फक्त ट्रक नाहीत. पाऊस तिरका येतो आणि कोणी छत्री उघडत नाही.

जेवण संध्याकाळी साडेपाचलाच. बटाटा इथे भाजी नव्हे, तो आपल्या भाताच्या जागी: रोज आणि ढीगभर. शेजारी नोरा नावाच्या म्हाताऱ्या बाई आहेत. त्या ताकात पीठ भिजवून पाव करतात आणि भाजण्याआधी वर सुरीने फुली मारतात. ताक बघून मला त्या घरच्याच वाटल्या. पण मधे नुसतं कुंपण असून यायच्या आधी फोन करून विचारतात. आपण तर चुलीपाशी येऊन बसल्यावर विचारतो.

तुळसाच्या घरात सगळं गोठवलेलं. चपात्या, खोबरं, कोथिंबीर. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी आणि तारीख. मी तिला म्हटलं, हा फ्रीज नव्हे, तलाठ्याचं कपाट आहे. खूप हसली.

तू निघताना सांगितलंस तसं तिला गावी यायचं विचारलं. दरडीखाली वाडीतलं तिचं घर आणि तिची आई, आपली आवडीकाकी, गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हा करोनामुळे विमानं बंद, म्हणून तिला येता आलं नाही. नंतर ती आलीच नाही. म्हणाली की आई नाही, उंबरठा नाही, कोणाकडे येऊ. मग उठून घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली. मी ती पुसून ठेवली.

गुडघ्याला तेल लावत जा. आठवण काढते आहे.
तुझी,
रेश्मा

वरची वाडी, पोलादपूर
१६ सप्टेंबर

चि. रेश्मा हिला आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दीपेशने एवढ्या बारीक अक्षरात छापून आणलं की वाचताना माझे डोळे बाहेर यायचेच राहिले. इकडे सगळं बरं आहे. चांदी व्याली, रेडी झाली. खरवस केला. तुझ्या वाट्याचा दीपेशने खाल्ला, तेव्हा परत आल्यावर भांडू नकोस.

तुळसाला सांग, ठकूकाकी अजून जित्ती हाय, तिचं दार तुझंच हाय. आणि नुसतं बोलू नको, तिला खायला घाल. लहानपणी ती पोर रुसली की आवडी तिला नाचणीची गरम भाकरी आणि लोणी द्यायची. मग रुसवा टिकायचा नाही. तिकडे पीठ कुठे मिळालं तर बघ. तुझी भाकरी अजून नकाशासारखीच होते काय?

जास्त काय लिहू. दोघींनी पोटभर जेवा.
तुझी आई,
ठकूबाई

कॉर्क
२१ सप्टेंबर

ती. आईस,
रेश्माचा साष्टांग नमस्कार.

माझ्या हातून फार वाईट झालं आहे. तुला नाही तर कोणाला सांगू?

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुळसा कामावर गेल्यावर मी ठरवलं, हिला भाकरीच करून घालायची. फ्रीजरच्या अगदी तळाला एक पिशवी सापडली. आत काळपट पीठ. वास घेतला, नाचणी! बाकी सगळ्यांवर तारीख आणि हिच्यावर काहीच नाही, म्हणजे ही विसरली असणार असं मला वाटलं. जुन्या पिठात विरी उरली नव्हती. भाकरी तुटायला लागली म्हणून उकड काढून सगळंच मळून टाकलं. सहा झाल्या. नोराबाईंना बोलावलं, त्यांनी लोण्याबरोबर दोन खाल्ल्या. उरलेल्या तुकडे तुकडे झालेल्या, त्यातलं थोडं पाखरांसाठी अंगणात ठेवलं. मी अगदी खुशीत होते.

तुळसा आली. भाकरी बघून तिने पीठ कुठलं ते विचारलं. मी सांगितलं. तिने रिकामी पिशवी उचलली. मग म्हणाली, आईने जात्यावर दळून पाठवलेलं ते शेवटचं होतं. त्याच्यावर तारीख कशाला, ते कधी संपवायचंच नव्हतं. एवढंच बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिने ती पिशवी धुतली आणि खिडकीत वाळत घातली.

चार दिवस झाले. माझ्याशी नीट बोलते, चहा करून देते, पण माझ्याकडे बघत नाही. आई, मी तिच्या आईला दुसऱ्यांदा घालवलं. यावर काही उपाय असेल तर लिही. नसेल तर मी लवकर परत येते.

तुझी अपराधी,
रेश्मा

वरची वाडी
२५ सप्टेंबर

चि. रेश्मा हिला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारलं. रडू नकोस. चूक तुझी थोडी, माझी फार. हे पत्र तुळसाला वाचायला दे.

ज्या वर्षी दरड आली त्याच वर्षी मृगात आमच्या बियाण्याच्या मडक्यात उंदीर शिरले. नाचणीचा दाणा उरला नाही. आवडीने तिच्या चुलीवर धुरात टांगलेलं बियाणं सोडलं आणि मला शेरभर दिलं. आपल्यात बियाण्याचे पैसे घेत नाहीत. पीक आलं की तेवढंच परत द्यायचं, वर एक मूठ. मी पेरलं, लावणी झाली, आणि मग ती रात्र आली. कार्तिकात नाचणी कापली तेव्हा परत द्यायला तिचं दार नव्हतं.

मी ते कशात मिसळलं नाही. तिने लुगड्याच्या ज्या फडक्यात दिलं होतं, त्यातच वेगळं बांधून ठेवलं. दर मृगात गोठ्यामागच्या तुकड्यात वेगळं पेरते, वेगळं कापते. तुम्हा कोणाला सांगितलं नाही, कारण आवडीचं नाव निघालं की मी उठून गोठ्यात जाते. तुळसाला तर मुळीच सांगवेना. तिला आधीच सांगायला हवं होतं, तिथे मी चुकले.

तुळसा, पोरी, पीठ संपलं, आवडीची नाचणी संपलेली नाय. आज कमरेएवढी उभी हाय, कणसं धरलीत. पण हे मी कोणाच्या हाती पाठवणार नाही. उसनं बियाणं घरधनिणीच्या पदराच्या ओट्यात घालायचं असतं, आणि त्या घराची धनीण आता तू. कापणीला ये. माझे गुडघे किती मृग बघतील सांगता येत नाही, आणि मला तुझ्या आईचं देणं ठेवून जायचं नाही.

वाट बघते,
ठकूबाई

कॉर्क
२ ऑक्टोबर

ती. ठकूकाकीस,
तुळसाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग रेश्माला मिठी मारून दोघी रडलो. नोराबाई फोन न करता धावत आल्या, एवढा आवाज झाला.

रेश्मावर मी रागावले होते, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी पाखरांच्या ताटलीतून एक तुकडा मी गुपचूप उचलून ठेवला होता. काल तो तव्यावर गरम करून लोण्याशी खाल्ला. दगडासारखा झाला होता. चव आईचीच होती. रेश्मालाही अर्धा दिला.

सुट्टी मंजूर झाली आहे. ८ नोव्हेंबरला मुंबईत उतरते, तिथून थेट वाडीत. तोपर्यंत नाचणी कापू नका. विळ्याची सवय मोडली आहे, तेव्हा हसायचं नाही. धुतलेली पिशवी बरोबर आणते, त्यात पीठ भरून द्या. ते मात्र मी खाणार आहे, साठवणार नाही.

काकी, बियाणं परत द्यायचं म्हणता, तर शेरभर आणि वर एक मूठ, सगळं मापून घेईन. सोडणार नाही. मात्र घेतल्यावर तिथेच, तुमच्याच ओट्यात, पुन्हा उसनं घालीन. पुढल्या वर्षी तुम्हाला ते परत करावं लागेल, आणि ते न्यायला मला यावं लागेल. तेव्हा गुडघे सांभाळा.

आईच्या वाट्याची माया आता माझ्यावर असू द्या.
तुमची,
तुळसा