रिसालीची धुतलेली पानं

४ जानेवारी, रविवार

बारा घरं, बारा कुंड्या, बारा रबराची झाडं — आणि बाराही चकाचक! पान हातात घेतलं तर त्यात माझा चेहरा दिसला. बावन्न वर्षांचा चेहरा इतका स्वच्छ पाहायची मला सवय नाही.

काम तसं साधं. कुठल्या वस्तीत किती धूळ पडते ते पानांवरून मोजायचं. कुंडी अंगणात ठेवायची, हात लावायचा नाही. मी दर पंधरवड्याला जाऊन दोन पानं तोडून आणते, वरची धूळ ब्रशनं पाण्यात उतरवते, गाळते, वाळवते, तोलते. "हात लावायचा नाही" हे मी मराठीत, हिंदीत आणि हातवारे करून सांगितलं होतं. पण ही सगळी पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेली मंडळी! मॅडम येणार म्हणजे तपासणी. तपासणी म्हणजे पुसा, धुवा, रंगवा. तीस-पस्तीस वर्षं साहेबांच्या दौऱ्याआधी हेच केलं, आता पानांनाही सुटका नाही. रिसाली वस्तीतल्या भूपेंद्रनं तर खोबरेल तेल लावलं होतं. "चमक पाहा ना, मॅडम!"

पाहिली.

७ जानेवारी

आमच्या कॉलेजचे विभागप्रमुख दौलतराव सरांनी आकडे पाहिले. "रिसालीची हवा मनालीपेक्षा स्वच्छ? हर्षाबाई, हे छापू आपण?" मी म्हटलं, छापा, तिकडे हॉटेलं निघतील. सर हसले नाहीत. प्रकल्प त्यांच्या नावावर, पायपीट माझ्या.

ठरलं ते असं — पुन्हा सगळ्यांना समजवायचं. ज्या घराचे तीन आकडे नीट मिळतील ते घर पूर्ण. तिथलं काम संपलं, हेही त्यांना सांगायचं.

१८ जानेवारी, रविवार

आली! धूळ आली! अकरा घरांत पानं मस्त मळकट. भूपेंद्रनं कुंडी अशी दाखवली, जणू पोरगं नापास झालंय. "घाण ठेवायला सांगता, बरं नाही वाटत हो." त्याला शाबासकी दिली तेव्हा कुठे खुलला.

बारावं घर तेवढं राहिलं. सात नंबरचं, रिसालीतल्याच सिंधुताईंचं. सत्तरीच्या आहेत. यजमान केवलराम प्लांटातच होते, दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा प्रवीणही प्लांटात, सून टीना कोचिंगमध्ये शिकवते. दिवसभर सिंधुताई एकट्या. त्यांचं पान ओलं होतं. देठाशी थेंब लोंबत होता.

"काकू, धुतलं?"

"मी कायले धुवू? मले काई दुसरे कामं नाहीत का? हात बी नाही लावला, वो!"

कुंडीखाली ओलं गोल. दारामागे पिळून टाकलेलं फडकं. पुढच्या रविवारी परत येते म्हटलं.

"ये ना. लाखोळीच्या डाळीचे वडे करतो."

२५ जानेवारी, रविवार

पान धुतलेलं. वडे अप्रतिम.

२९ जानेवारी

तोलायला दिवसभर. वजनकाटा इतका नाजूक की शेजारी श्वास सोडला तरी आकडा हलतो. मग श्वास रोखून बसायचं. माझ्या श्वासाची दखल घेणारी ही एकच वस्तू उरली आहे आणि तीही तक्रार करते! वाळवायच्या भट्टीत एका कप्प्यात गाळणकागद, दुसऱ्यात क्लार्कचा डबा. संशोधनाला आज मेथीचा वास होता.

संध्याकाळी घरी. नेहरू नगरातली ही खोली कोचिंग क्लासच्या वर आहे. खालचा मास्तर रसायनशास्त्र चुकीचं शिकवतो. मी पाय आपटते. त्याला वाटतं, वर कुणीतरी राहतं.

१ फेब्रुवारी, रविवार

रुआबांध्याच्या बळीरामच्या पानावर लाल धूळ! सरांना फोटो पाठवला तर फोनवर ओरडलेच — "लोह! लोह असणार! हर्षाबाई, हा तर स्वतंत्र शोधनिबंध आहे!"

मग मी वाकून कुंडी पाहिली. सव्वीस जानेवारीला बळीरामनं कुंडीला गेरू मारला होता, वर चुन्याची पट्टी. ब्रश झटकताना पानावर उडाला. "झेंडावंदनाले कुंडी अशीच भुंडी ठेवू का, मॅडम?" नाही, नाही. देशासमोर निबंध काय चीज!

सरांना कळवलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

सात नंबर — धुतलेलं.

८ फेब्रुवारी, रविवार

परवा पानाच्या खालच्या बाजूचा ठसा घ्यायचा होता. त्याची जुनी युक्ती — पारदर्शक नेलपॉलिश लावायचं, वाळलं की पापुद्रा सोलायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. दुकानातली पोरगी म्हणाली, "शादी है क्या, मॅम?" मी म्हटलं, हो, झाडाची.

ठशाचा फोटो आज सिंधुताईंना मोबाइलवर दाखवला. पानाची श्वास घ्यायची भोकं. ओठ किंचित उघडे असावेत तशी, हजारो. रबराच्या झाडाची ही सगळी भोकं पानाच्या खालच्या बाजूला असतात. वर कितीही धूळ बसो, याचं खालून चालू!

सिंधुताईंनी फोटो दूर धरला, जवळ धरला. "एवढी तोंडं! अन् एक शब्द बोलत नाही, वो. आमच्या घरावानी."

मग आपणच हसल्या. म्हणाल्या, प्रवीण ड्युटीवरून आला की झोपते. टीना चांगली आहे, पण तिची घाई, तिची हिंदी. नवराबायको एकमेकांशी हिंदीत, माझ्याशी हिंदीत, टीव्ही हिंदीत. "केवलराम होते तवा भांडन तरी मराठीत होये. आता माही बोली तू आली का बाहेर निघते."

मॅडमची 'तू' कधी झाले, लक्षात नाही आलं. आई गेल्यापासून मीही घरात मराठी फक्त या डायरीच्या पानांवर बोलते. हे त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं?

"तुले कोन आहे घरी?"

"कोणी नाही."

"मंग घाई कायची? बस."

साडेचारपर्यंत बसले. पान धुतलेलं होतं, हे सांगायलाच नको.

१५ फेब्रुवारी, रविवार

अकरापैकी नऊ घरं पूर्ण! तीन-तीन आकडे मिळाले. भूपेंद्रनं शेवटच्या वेळी विचारलं, "मंग आता पानं पुसू?" म्हटलं, पुसा. बिचारा फडकं घेऊनच उभा होता.

घर पूर्ण झालं की दार बंद होतं. बंद म्हणजे कुणी तोंडावर लावत नाही. फक्त मला तिथे जायला कारण उरत नाही, आणि कारणाशिवाय कुणाच्या घरी जायचं मी कधी शिकलेच नाही. आमचं घर रेल्वेचं. दर तीन वर्षांनी बाबांची बदली, मग कोण कुणाकडे जाणार!

२२ फेब्रुवारी, रविवार

सात नंबर — धुतलेलं. फेरमोजणी. चिला, म्हणजे आपलं धिरडं, आणि टमाटरची चटणी. केवलराम लग्नाआधी गोंदियाहून सायकलवर कसे आले ती गोष्ट. मागच्या वेळी डोंगरगडहून आले होते.

२५ फेब्रुवारी

सर — "सात नंबरचा एकही आकडा नाही. काढून टाका. अकरावर अहवाल देऊ." बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर महिन्यापूर्वीच काढलं असतं. मी माझ्या जागी आहे, म्हणून म्हटलं, दोन आठवडे द्या.

खरं काय ते इथे लिहिते, इथे कोण वाचतंय! मला त्या पानाचा आकडा नकोच आहे. मला रविवार हवा आहे. विज्ञानाच्या खर्चानं मी वडे खाते आहे.

१ मार्च, रविवार

धुतलेलं. आज तर साबणाचा वास!

८ मार्च, रविवार

सांगून टाकलं. नीट सांगायचं ठरवून गेले होते, पण पान पाहिलं, पुन्हा तेच ओलं देठ, आणि जीभ सुटली.

"काकू, दोन महिने सांगून राहिली मी! एवढं एक काम नाही होत तुमच्यानं? तुमच्या धुण्यामुळे सगळं वाया गेलं. घर काढलं तुमचं."

"काढलं म्हंजे?"

"म्हणजे मोजणी बंद. कुंडी ठेवा तुम्ही."

चुलीवर काहीतरी शिजत होतं. गॅस आहे, तरी त्या चूलच म्हणतात, मीही तेच लिहिते आहे. साहेबापुढे खाली पाहावं तसं त्यांनी खाली पाहिलं. एवढंच म्हणाल्या, "पुढच्या इतवारी?"

"नाही."

"बरं."

चहा न घेता निघाले. फाटकापाशी वाटलं, हाक मारतील. नाही मारली. मीही वळले नाही. माझ्या जिभेला लोक घाबरतात याचा मला कॉलेजात फार अभिमान आहे.

१५ मार्च, रविवार

दिवसभरात बोललेले शब्द — भाजीवाल्याला "दहाची दे." खाली क्लासला सुट्टी. पाय आपटायलाही कुणी नाही.

१७ मार्च, मंगळवार

टीना कॉलेजात आली. स्कूटीची किल्ली हातातच. "आंटी, मम्मीजी को आपने डांटा क्या? उस इतवार से ठीक से खाती नहीं हैं."

मी म्हटलं, पानं धुवायची होती तर माझा वेळ कशाला घालवला?

"मैंने कितनी बार बोला, मत धोइए, आंटी का काम खराब होता है. रोज नहीं धोतीं. सिर्फ संडे को सुबह, आपके आने से पहले. मुझसे बोलीं —" इथे टीनाची हिंदी थांबली. सासूची बोली तिनं जशीच्या तशी काढली, हेल काढून, अडखळत — "'तीनदा बरोबर आलं का ते बाई येनं बंद करते. धुवू दे मले.'"

दोनचा तास दुसऱ्याला दिला. रिसालीला निघाले आहे.