यंदा मासा वाफवायचा नाही

२४ जाने., शनिवार
दाराला लाल कागद लावायची आयडिया माझीच. चायनीज न्यू इयरला तीन आठवडे उरलेत, ऑगस्टमध्ये सासरे गेल्यापासून घर नुसतं गप्प आहे, म्हटलं जरा रंग येईल. लेक इरा आणि मी सोनेरी अक्षरांच्या दोन लांब पट्ट्या आणल्या, स्टुलावर चढून दाराच्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या. सासूबाई पार्कमधून चालून आल्या. थांबल्या, वाचलं, चपला काढल्या आणि सरळ खोलीत.
संध्याकाळी पट्ट्या डायनिंग टेबलावर. नीट घडी घातलेल्या. टेपसुद्धा नखाने काढलेली.
एरिकला, म्हणजे त्यांच्याच मुलाला, विचारलं तेव्हा कळलं, घरातलं माणूस गेलं की वर्षभर दाराला लाल लावत नाहीत.
मग आधी सांगायचं ना मला. म्हणे, वाटलं तुला माहीत असेल.
असायला हवं होतं, खरं. नागपूरला आजोबा गेले त्या वर्षी आईने आकाशकंदील माळ्यावरून काढलासुद्धा नव्हता. इतकी वर्षं या घरात, आणि लाल म्हणजे आनंद, एवढंच शिकले.

२७ जाने., मंगळवार
सा.बाई ताट खोलीत घेऊन जातात. विचारलं की ‘टायर्ड’. इरा दार वाजवते, ‘मामा, मामा’. कँटोनीजमध्ये वडिलांची आई म्हणजे मामा. माझ्या भावाला, म्हणजे इराच्या खऱ्या मामाला, हे अजून पचलेलं नाही. तिला आत घेतात. मी ‘सॉरी’ म्हटलं त्यावर नुसती मान हलवली.

२८ जाने.
त्यांच्या टपालाचं सगळं एरिकच बघतो, इन्शुरन्सचं वगैरे. आज त्यात एक पत्र. ओकलंडला चायनाटाउनजवळ वयस्कर लोकांसाठी नवी बिल्डिंग झालीय, तिथे त्यांचा नंबर लागलाय. २० फेब्रु.पर्यंत हो की नाही कळवायचं. अर्ज सप्टेंबरमधला.
म्हणजे लाल पट्ट्यांशी याचा संबंध नाही. त्यांना तेव्हापासूनच इथे राहायचं नव्हतं. हे जास्त लागलं.
ए. पत्र हातात घेऊन कारमध्ये बसून होता. मी बोलवायला गेले तर म्हणाला, “वडील असते तर तिने असं केलं असतं?”

१ फेब्रु., रविवार
ए.ने प्लॅन केलाय. लाल काही नको, पण न्यू इयरच्या आदल्या संध्याकाळचं घरचं जेवण व्हायलाच हवं, वडील करवून घ्यायचे तसंच. अख्खा मासा वाफवलेला, डोक्यापायांसकट कोंबडी, मुळ्याचा खारा केक, सुके ऑयस्टर्स, एकूण नऊ पदार्थ. त्याचं म्हणणं, आईला वाटतंय तिचं घर संपलं. तिला दिसू दे, काही संपलेलं नाही. यादी टाइप करून, प्रिंट काढून तिच्यापुढे ठेवली. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. ‘हं’ म्हणाली. यादी उलटी करून ठेवली.
ए.ला वाटलं, जमलं.
मला काही तसं...

३ फेब्रु.
लिंडाशी फोन. एरिकची मोठी बहीण, मिशिगनला ट्रॉयमध्ये असते, गाड्यांच्या कंपनीत. अकरा वर्षांत एकदाही न्यू इयरला आलेली नाही. दर वेळी काम. पत्राचं सांगितलं, जेवणाच्या यादीचंही. मग म्हणाली, तिला यादी कोणी दिली?
मी म्हटलं, एरिकने. तिने विषय बदलला.

७ फेब्रु., शनिवार
आजचं सगळं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.
ए. इराला घेऊन स्विमिंगला. मी एकटी मुळे किसत बसलेले, फोनवर रेसिपी. दर वर्षी मी टेबल मांडायचे, बाऊल पुसायचे. ओट्याजवळ सा.बाईंनी कधी येऊच दिलं नाही. मला वाटायचं, माझा हात त्यांना चालत नाही. यंदा म्हटलं, करून दाखवू. किसाचं पाणी पिळायचं की ठेवायचं तेच कळेना. सा.बाई पाणी प्यायला आल्या, बघत राहिल्या. मला वाटलं, किसणी हातातून घेतील. खरंच घेतली. धुतली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.
“नको करू,” म्हणाल्या. “मला हा केक आवडत नाही.”
मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांचं इंग्लिश मोडकं, पण तीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये काम केलंय, जे म्हणायचं ते म्हणता येतं. खुर्ची ओढून बसल्या. ओट्याजवळ त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.
मग सांगत गेल्या. लग्नापासून दर वर्षी चार दिवस आधी तयारी. दीर, जावा, पोरं मिळून वीस माणसं. गरम वाढायचं म्हणून त्या आतच. बाहेर येईपर्यंत माशाचं डोकं आणि काटे उरलेले. नवरा चांगला माणूस, कधी आवाज चढवला नाही. पण एखादा पदार्थ कमी असला की सगळ्यांसमोर म्हणायचा, माझी आई हे करायची. बस, एवढंच.
“तो गेला तेव्हा मी खूप रडले. खोटं नाही रडले,” म्हणाल्या. “दुसऱ्या आठवड्यात दुकानात मासे दिसले, आणि मनात आलं, यंदा मासा वाफवायचा नाही. इतकं हलकं वाटलं. मग मला माझीच भीती वाटली.”
त्यानंतर चार दिवसांनी ओकलंडचा अर्ज केला. आम्ही वाईट म्हणून नाही. यादी एक दिवस येणारच, आणि मुलाला नाही म्हणता येणार नाही, म्हणून. आणि गेल्या रविवारी आली.
माझ्यावर राग आहे का, विचारलं. पट्ट्या का काढल्या?
शेजारच्या बाईंनी बघितलं असतं म्हणून, म्हणाल्या. आणि इराने इतक्या वाकड्या लावल्या होत्या. हसल्या. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.
मी धीर करून ओट्याचं विचारलं. इतकी वर्षं मला लांब का ठेवलं.
“शिकली असतीस तर तुझ्याच गळ्यात पडलं असतं.”
आमच्याकडे महालक्ष्म्यांना सोळा भाज्या, पुरणपोळ्या, पंगतीवर पंगत, आणि आई शेवटी उभ्या उभ्या वरणभात खायची. तिला कोणी असं लांब ठेवलं नाही. मीही कधी विचारलं नाही, तुला हे आवडतं का.
मुळे तसेच राहिले. संध्याकाळी थालीपीठं केली त्याची. सा.बाईंनी तीन खाल्ली, टेबलावर बसून.

८ फेब्रु.
ए.ला सांगितलं. सांगू की नको, सकाळभर घोळत होते. त्याला राग आला, माझाच. तुला नीट समजलं नसेल म्हणाला. तिला सवय आहे, ती आनंदाने करायची, मी लहानपणापासून बघतोय.
मी म्हटलं, तू टेबलावरून बघत होतास.
हे बोलायला नको होतं बहुतेक. पण खरं आहे.
दुपारी तो आईच्या खोलीत गेला. कँटोनीजमध्ये बोलणं, मला शब्द कळत नाहीत, सूर कळतो. आधी त्याचाच जास्त, मग तिचा. बाहेर आला तेव्हा डोळे लाल. म्हणाला, बाबांचं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, वाटणारच. सिंकमधली भांडी न सांगता घासली त्याने.

११ फेब्रु., बुधवार
लिंडा येतेय. बर्फाने फ्लाइट कॅन्सल झाली नाही तर. मला म्हणाली, चौदाव्या वर्षापासून ती आईच्या शेजारी उभी राहून भांडी पुसायची, एरिक काकांबरोबर पत्ते खेळायचा. लांब नोकरी मिळाल्यावर पहिला विचार हा आला, की आता न्यू इयरला जावं लागणार नाही. आई स्वतःहून नाही म्हणाली हे तिला खरं वाटेना. दोनदा विचारलं.
आईला नागपूरला फोन केला, सगळं सांगितलं. शेवटी विचारलंच, तुला कंटाळा यायचा का गं? आई म्हणाली, “यायचा की. पण महालक्ष्म्या बसल्या की बरंही वाटायचं. दोन्ही होतं.” मग म्हणाली, कोणी विचारलंच नाही आजवर.

१६ फेब्रु., सोमवार
प्रेसिडेंट्स डे, सगळ्यांना सुट्टी. लिंडा काल पोचली, सामान आलं नाही, माझा स्वेटर घालून बसलीय.
जेवण सा.बाईंनी ठरवलं: टेबलावर मधोमध इलेक्ट्रिक पातेलं, त्यात उकळतं सूप, भोवती कच्च्या भाज्या, टोफू, कोळंबी, माशाचे आणि मांसाचे पातळ काप. ज्याने त्याने आपलं शिजवून खायचं. गरम वाढायला आत कोणी नाही. हेही जुनंच आहे म्हणाल्या, त्यांच्या माहेरी थंडीत असंच जेवायचे. फक्त सासरी ते सणाचं मानत नसत.
त्या भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या, जिथून सहज उठता येत नाही. दोनदा सवयीने उठायला गेल्या, दोनदा लिंडाने हात धरून बसवलं. सॉस संपला तेव्हा एरिक उठला. सासऱ्यांसाठी एक बाऊल आणि चॉपस्टिक्स ठेवल्या होत्या. माशाचा पहिला काप ए.ने शिजवून त्यात ठेवला. सा.बाईंनी तो बघितला, त्यावर थोडं आलं घातलं. त्याला आल्याशिवाय जात नाही, म्हणाल्या.
ए. रडला. मग खात राहिला.
दोन तास चाललं. इरा म्हणाली, “Mama, you’re still eating?” सा.बाई म्हणाल्या, हो, आणि कोळंबी बुडवली.
नऊ पदार्थ नव्हते. दाराला लाल नव्हतं. लिंडा मात्र आली होती.

१७ फेब्रु.
नवं वर्ष. आज केर काढत नाहीत, नशीब झाडलं जातं. हा नियम सगळ्यांनी एकमताने पाळला.

१९ फेब्रु., गुरुवार
काल लिंडा आणि सा.बाई ओकलंडची जागा बघून आल्या. तिसरा मजला, खिडकीतून भाजीबाजार दिसतो, खाली त्यांच्या गावाकडच्या दोन बायका. स्वयंपाकघर इतकं छोटं, की एका वेळी एकच पदार्थ होईल. हे त्यांनी आम्हाला हात पसरून मापाने दाखवलं, खूश होत्या.
पण इराला शाळेतून कोण आणणार, हेही त्यांनीच विचारलं. आणि इथलं पार्क चांगलं.
ए. म्हणाला, तू गेलीस तरी चालेल, राहिलीस तरी चालेल. हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणजे मनापासून म्हणाला. मी पुढच्या वर्षाचं विचारलं, की तिकडे गेलात तर जेवण कुठे. म्हणाल्या, माझ्याकडे नक्की नाही.
उद्या शेवटचा दिवस. फॉर्म टेबलावर, सही नाही. संध्याकाळी चहा देताना लिंडाने विचारलं, मग काय ठरलं? आम्ही तिघेही त्यांच्यासमोर येऊन उभे.
“उद्या सकाळी सांगते,” सा.बाई म्हणाल्या. “सरका जरा, टीव्ही दिसत नाही.”