किनासिहसाठी निवडलेला पट

आदरणीय थोरली बहीण म्बाक्यू सुमिराह हिला धाकट्या सुकार्दीचा सलाम.

अल्लाच्या कृपेने इकडे सगळे ठीक. तुझा खोकला कसा आहे? बालवाडीत अजून तेवढ्याच मोठ्याने गातेस का? (माझी बायको पार्ती म्हणते, आधी तब्येतीचं विचारा, मग कामाचं लिहा. तिने सांगितले म्हणून विचारले असे मात्र समजू नकोस.)

बसवाल्याबरोबर पाठवलेले तिन्ही शैक्षणिक खेळांचे पट मिळाले. एक निवड, दोन परत पाठव, असे तू लिहिलेस. मी गावच्या शाळेत सहावीपर्यंत शिकलेला. भेटायला येणाऱ्या पाच वर्षांच्या नातीला कशाने शहाणपण येते हे मला काय कळणार? म्हणून दुपारच्या असरच्या नमाजानंतर शेजारच्या म्बाह कार्सो आजोबांना (परवा अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली) बोलावले आणि ओसरीवर चटई टाकून पार्तीसह आम्ही तिघांनी सापशिडी मांडली. खोक्यावर ‘आकडे व सद्गुण’ असे छापले होते.

आकड्यांचे माहीत नाही, सद्गुणांनी घात केला. म्बाह चौदाव्या घरात होते. तेराव्यातल्या पार्तीला सहा पडले, तरी ती जागची हलेना.

“अगं, चाल की!”

“म्बाहना ओलांडून? माझी आई कबरीतून उठून येईल!”

मला शिडी मिळाली, पण थोरल्यांच्या डोक्यावरून चढणे बरे दिसेना. मी शिडीच्या पायथ्याशीच थांबलो. तेवढ्यात सापाने म्बाहना गिळले आणि ते तिसऱ्या घरात आले. आता आम्ही वरून त्यांच्याकडे बघायचे? आम्हीही उतरलो (सापाची वाट न बघता). सूर्यास्ताला मगरिबची अजान झाली तेव्हा तिघेही दुसऱ्या-तिसऱ्या घरात होतो. म्बाह खूश. “झकास खेळ आहे रे, सुकार्दी. भांडण नाही, तंटा नाही!”

दुसरा पट अक्षरांचा. चांगला आहे, पण तो एकट्याने खेळता येतो, म्हणून नको. तिसऱ्यावर बेटांचा नकाशा आहे. आपल्या जावापासून समुद्रापलीकडचे कालिमांतान फक्त चार घरे. मी सोंगटी नेली, आणली, पुन्हा नेली. आमची लेक वेनिंग लग्न होऊन तिकडे गेली त्याला सात वर्षे झाली. तिची किनासिह मला दोनदाच दिसली. पार्ती म्हणाली, “पुरे आता, समुद्र झिजेल.”

मागच्या ईदला पोरगी चार दिवस आईच्या मागून माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती. पाचव्या दिवशी दोन्ही डोळ्यांनी बघितले, तोवर विमानाची वेळ झाली. इतक्या बारीक गोष्टी दुवेत मागाव्यात की नाही, ठाऊक नाही. मी मागतो. तिने माझ्यासमोर चटईवर बसावे. मला ओलांडून खुशाल शंभरावर जावे.

तर सापशिडी ठेवतो.

तुझा भाऊ,
सुकार्दी

ता.क. अक्षरांचा पट बसवाल्याकडे दिला आहे. नकाशाचा थोडे दिवस राहू दे.

ता.क. आणखी एक. विमानातून उतरल्यावर वेनिंगची मंडळी सोलोला एक रात्र तुझ्याकडे राहतील. तुझ्याजवळ कुठलेही मूल अर्ध्या तासात रुळते, ही तुझी ख्याती. म्बाक्यू, धाकट्याचे एवढे ऐक. त्या रात्री तिला खेळ दाखवू नकोस, गाणे म्हणू नकोस. जेवू घाल आणि लवकर झोपव.