सुजाताले गवतावर चालवायचं आहे

२ फेब्रुवारी ५८, रविवार. नागपूर.

काल हिंगणघाटहून पासिंजरनं आली. जागा भेटली पण मांडीवर तुरीच्या डाळीचं बोचकं. गुडघे अजून गाडीतच राह्यले असं वाटते. गणपत ठेसनावर आला होता, इस्त्रीच्या सदऱ्यात. माह्या पोटचा पोरगा, तरी घडीभर ओळखूच नाई आला. सरकारी हापिसात कारकून आहे आता.

घरी सुजाता दारात बसली होती. माही नात, अडीच वर्षाची. मले पाहून हसली अन् बसल्या जागेवरूनच घसरत घसरत आली. पावसाळ्यात ताप आला तवापासून उजवा पाय टेकत नाई. गणपतनं चिठ्ठीत लिहिलं होतं. पण चिठ्ठीत वाचणं वेगळं. हसते मात्र अशी की पाहून राहावं.

सून सुमनले सातवा महिना. तिनं पोरीले उचलायचं नाई. डाक्टर म्हणते, रोज सकाळी मऊ गवतावर अनवाणी उभी करा, हात धरून चालवा, पाय मरू देऊ नका. चाळीत गवत कुठचं? फरशी अन् गिट्टी. म्हणून मले बोलावलं.

आमच्या गावच्या बायांच्या वर्गात बाईनं सांगितलं होतं, रोज चार ओळी लिहा, नाईतर अक्षर विसरान. म्हणून लिहून राह्यली.

३ फेब्रु., सोमवार

मैलभरावरची सरकारी बाग पाह्यली. लय मोठी. आमच्या गावचं सगळं शिवार आत मावंल. मधात पाण्याचा फवारा. पाणी वर जाते अन् काही न भिजवता खालीच पडते. गुलाबाचे वाफे, एकेक फूल वाटीएवढं. एक झाड कातरून कातरून हत्ती केला आहे, सोंड थोडी आखूड. सुजाता त्याले पाहून हसली अन् माह्या कानाले झोंबली. तळ्यात बदकं. मी तर दोन घडी कायले आली तेच विसरली.

अन् गवत. हिरवंगार, गादीसारखं. हात लावून पाह्यला तं हरळी. माय माय. जल्मभर लोकायच्या वावरात हरळी उपटली, मुळी राह्यली की मालकाच्या शिव्या खाल्ल्या, अन् इथे तिले नळानं पाणी पाजून राह्यले. मले वाटलं, कोणाचं ध्यान नाई वाटते, बागेत हरळी माजली. पोरीले बसवलं अन् हात चालवला. ओंजळभर उपटली असंल, तं बागेचा जमादार शिटी वाजवत आला.

“ओ बुढी, दिमाग फिरला का? लावलेली घास आहे ते.”

मी म्हटलं, “हरळी कोणी लावते का बाप्पा?”

“सरकार लावते. अन् पाटी नाई दिसत? चालायचं नाई गवतावर.”

पाटी वाचली. अक्षर लावून लावून वाचली, हिरवळीवर चालू नये. वाचता आली म्हणून आनंद झाला, अन् मंग काय लिहिलं ते समजलं.

५ फेब्रु.

कालही गेली. वाटेवर बारीक मुरूम, पोरगी पाय टेकवते अन् रडते. मैलभर कडेवर न्या, मैलभर आणा. पाठ धरली. घरी येऊन पडली ते भाकरीलेच उठली.

गवतात चार बाया निंदत होत्या, रोजीच्या. त्यातली भागाबाई आर्वीकडची. तिनं सांगितलं, हरळी राखायची अन् मोथ्याचं तण काढायचं. मोथ्याची गाठ खोल असते, वरून तोडला की चार दिवसात पुन्हा वर. त्यायचं खुरपं वरवर चालून राह्यलं होतं. मले पाहवंना.

६ फेब्रु.

जमादाराशी बोलली. म्हटलं, तुह्या बायांसंगं मी मोथा काढतो, गाठीसकट, पैसा नको. माह्या पोरीले तेवढा वेळ गवतावर राहू दे.

तो म्हणे, “मले काय फायदा?”

मी खुरपं घेऊन हातभर जागा काढून दाखवली. गाठी मोजून त्याच्या हातावर ठेवल्या, अकरा. त्यानं एकेक उलटून पाह्यली. मंग म्हणे, “आठ वाजताच्या आत. साहेब आठले येते.”

सुजाता माह्या बाजूले. हात धरून उभी केली. मऊ लागलं तं रडली नाई. बोटं वाकवून गवत धरून पाहत होती पायानं. मी आकडे म्हटले, तीनवर बसली.

८ फेब्रु., शनिवार

उभी — ५.

बाया चांगल्या आहेत. भागाबाई म्हणते, “मावशी, तुम्ही असं निंदता की आमची रोजी जाईन.” सगळ्या हसल्या. मीही हसली, पण खोटं नाई ते. हात थांबवला थोडा.

घरी कोणाले सांगितलं नाई. सुमननं माही नखं पाह्यली. हात धुवायले गरम पाणी ठेवलं.

१२ फेब्रु.

उभी — ९. एका हातानं. दुसऱ्या हातात मोथा, तो मले देऊन राह्यली, हे घे म्हणून. निंदणारीची नात आहे.

येताना आंगात त्राण नव्हतं. सडकेच्या कडेले दोनदा बसली. पोरगी खांद्यावर झोपलेली, तोंडातली लाळ पाठीवर. तरी बरं वाटत होतं. असं बरं वाटणं लय दिवसात नाई.

१५ फेब्रु., शनिवार

गणपतले कळलं. त्याच्या हापिसातला एक जण बागेत फिरायले येते. त्यानं सगळ्यायसमोर विचारलं, तुमच्या मातोश्री बागेत कामाले लागल्या का?

घरी आला, चप्पल काढली अन् तसाच उभा. ओरडला असता तं बरं झालं असतं.

“माय, धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी मी तुले काय म्हटलं होतं?”

म्हटलं, ध्यानात आहे. माही माय आता कोणाच्या बांधावर वाकणार नाई, असं म्हटलं होतं.

“मंग?”

“वावर नोहे ते बापा. बाग आहे.”

“वाकणं तेच आहे ना?”

मी सांगितलं, पोरगी नऊ आकडे म्हणेपर्यंत उभी राह्यते. त्यानं सुजाताले मांडीवर घेतलं. जेवला नाई. मीही नाई. सुमन एकटी कशी जेवंल. तीन ताटं तशीच, अन् सुजातानं चौथ्यातला भात सगळा खाल्ला.

१६ फेब्रु., रविवार

गणपतनं अर्ज लिहिला, बागेच्या मोठ्या साहेबाले. अक्षर मोत्यासारखं. डाक्टरची चिठ्ठी जोडली. म्हणे, “आपण भीक मागायची नाई अन् फुकट निंदायचंही नाई. कागदावर मागायचं.” खाली अर्जदार म्हणून माही सही. अंगठा नाई, सही. पारबताबाई, पूर्ण. र थोडा वाकडा पडला. गणपतनं दौत पुढे सरकवली, अन् मी लिहीत होती तवा कागद त्यानं धरून ठेवला होता, हलू नाई म्हणून.

उत्तर येईपर्यंत गवतावर पाय ठेवायचा नाई, असं म्हटलं त्यानं. मी हाव म्हटलं.

२० फेब्रु.

उत्तर नाई. बागेत जातो, बाकड्यावर बसतो. जमादार म्हणे, “काऊन बुढीबाई, रुसली का?” काय सांगू त्याले.

मोथा वर आला तिकडच्या कोपऱ्यात. दिसते मले इथून.

२४ फेब्रु., सोमवार

उत्तर नाई. गणपत दोनदा विचारून आला, विचार चालू आहे म्हणते. घरी गोधडीची चौपट घडी करून तिच्यावर उभी केली. २. मंग १. गोधडी सरकते. पोरगी बागेकडे बोट दाखवते.

ऊन वाढलं. गावाकडे कापसाची वेचणी सरली असंल. घरी उंदरायनं काय ठेवलं असंल कोण जाणे. पण सुमनचं होईपर्यंत जाता येत नाई, अन् जाऊ वाटतही नाई. फक्त थकली.

१ मार्च

रात्रीपासून पाठ वाकत नाई. सुमननं तेल लावलं. म्हणे, “आत्याबाई, उद्यापासून नका जाऊ. पोरगी काय, चालंल तवा चालंल.” मी म्हटलं, डाक्टर म्हणते पाय मरू देऊ नका. ती रडली. पोटुशीनं रडू नये म्हणून मी हत्तीच्या झाडाची गोष्ट सांगितली. सोंड आखूड कशी झाली, माळ्याची बायको हाक मारत होती म्हणून त्यानं घाईनं कापली. मनानंच जुळवली. हसली थोडी.

६ मार्च, गुरुवार

कागद आला. शिक्क्याचा. गणपतनं दारातच उघडला अन् मोठ्यानं वाचला. परवानगी दिली. एक महिना, सकाळी सात ते आठ. त्याचं तोंड असं झालं होतं जसं मॅट्रिक पास झाला तवा. मले म्हणे, “पाह्यलं माय? कागदावर.”

मंग खालची ओळ वाचली. परवानगी त्या बालिकेपुरतीच आहे. सोबतच्या व्यक्तीनं वाटेवरच थांबावं.

त्यानं पुन्हा वाचली. मी घेऊन माह्या डोळ्यानं वाचली, अक्षर लावून. तेच होतं.

“मी दुसरा अर्ज करतो,” म्हणे.

म्हटलं, कर. पण हा महिना चालू झाला ना बापा.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी सातले गेली. जमादाराले कागद दाखवला. त्यानं उलटसुलट पाह्यला. म्हणे, “ठीक आहे, पोट्टी जाईन. तुम्ही इकडे. साहेबाची सही आहे, मी काय करू.”

काठावरून वाकून सुजाताले गवतावर ठेवलं. ती दोन हात आत घसरली अन् मागं पाहत बसली. मी वाटेवर.

भागाबाई अन् बाया तिच्या पलीकडे निंदत होत्या. त्यायले गवतावर जाता येते. भागाबाईनं माह्याकडे पाह्यलं, मंग कमरेचं दुसरं खुरपं काढून बाजूच्या रिकाम्या जागेवर ठेवलं, मी निंदायले बसत होती तिथे. जमादार फवाऱ्याकडे तोंड करून उभा राह्यला.

गणपत आज संगं आला होता, हापिसाच्या आधी. माह्या बाजूलेच उभा. त्यानंही खुरपं पाह्यलं.

सुजातानं दोन्ही हात गवतावर टेकवले. ढुंगण वर उचललं. डावा पाय ताठ, उजवा थरथरत होता. हात कोणाचा धरावा म्हणून मागं लांबवला. मी वाकली, जेवढी वाकता येईन तेवढी. चार बोटं कमी पडली.

गणपत म्हणे, “माय.” अन् माह्या हातातला कागद घेऊन घडी करून खिशात ठेवला.

पोरगी तशीच ओणवी होती, हात मागं करून.