‘पा’ म्हणजे पाहिजे

आदरणीय चांगुणाआक्का,

तुझ्या धाकट्या आनंदराजचा सप्रेम जयभीम. गुडघा काय म्हणून राहिला? तुझा आवाज मात्र खणखणीत असणार, मुरुडात बोललीस तरी आम्हाला नांदेडात धाक वाटतो.

तर आक्का, घर मिळालं! बारा वर्षं ओसाड पडलेली ती कबुतरांची चार मजली इमारत आठवते? (जिच्या नळातून पिंपळ उगवला होता, तीच.) ती दुरुस्त करून आमच्यासारख्यांना परवडतील अशी घरं काढलीत. आम्हाला तळमजला लागला. नळाला पाणी आलं तेव्हा तुझी भावजय महामाया नुसती तोटी उघडझाप करत उभी, अन् मी चक्क नाचलो. (कुणी बघितलं न्हाई. सगळ्या इमारतीनं बघितलं.)

आता भिंतीचं ऐक. जिलानी मिस्त्री म्हणाला, आतल्या भिंतींचं काय करायचं ते खडूनं लिहून ठेवा. मागच्या खोलीची भिंत मला हवी होती, म्हणून तिच्यावर ऐटीत लिहिलं ‘पा’. पा म्हणजे पाहिजे! बैठकीतली नको होती, तिच्यावर ‘न’. (अठ्ठावीस वर्षं कचेरीत शेरे मारलेला माणूस मी, पूर्ण शब्द लिहायची सवयच न्हाई.) संध्याकाळी येऊन बघतो तर काय, हवी ती भिंत भुईसपाट अन् नको ती ताठ उभी! मी लई तडकलो. मिस्त्री शांतपणे म्हणाला, “साहेब, पा म्हणजे पाडा. न म्हणजे नका पाडू. मराठी शाळेतच शिकलोय मी.” मग आम्ही तिघं त्या विटांवर बसून चहा पिताना असे हसलो की महामायाला ठसका लागला. त्याच विटांनी जिलानीभाईनं भिंत परत उभी केली. महामाया मात्र तेव्हापासून मला ‘अहो पा’ म्हणून हाक मारून राहिली.

तब्येतीला जप.

तुझा धाकटा,
आनंदराज

ता. क. मागची खोली कशाला हवी होती, ते राहिलंच. मागं तू म्हणाली होतीस, “तुमच्या घरात माझी पथारी कुठं टाकू?” तिथं टाक. खिडकी पूर्वेला हाय, जिना चढायचा न्हाई. तू तिकडं एकटी असलीस की मला जेवण गोड लागत न्हाई, आक्का. कायमची ये.

आणखी एक. महामायानं त्या खोलीच्या दारावर खडूनं ‘आक्का पा’ लिहिलंय. जिलानीभाई काळजीनं विचारून राहिला, आक्कांना का पाडायचं? तेव्हा लौकर ये, अन् उत्तर पूर्ण लिही. नुसतं ‘न’ लिहिलंस, तर आम्ही ‘नक्की’ असं वाचू.