काका, पेशी उंदराच्या निघाल्या

तीर्थरूप काका,

तुमच्या भिंगरीचा वाकून नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण आमच्या प्रयोगशाळेच्या फरशीवर काय काय सांडतं ते मला ठाऊक आहे, तेव्हा इतक्यावर भागवून घ्या.) मी इथे खुशाल आहे. तुमची प्रकृती कशी आहे असं विचारायची पद्धत आहे म्हणून विचारते. उत्तर काकूकडून आधीच कळलंय. वाकून बुटाची नाडी बांधायला गेलात की चेहरा पांढराफटक पडतो, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, डोकं ठणकतं, आणि पाव तासात सगळं जागच्या जागी. वरच्या मजल्यावरचा माणूस खुर्च्या सरकवतो त्याचा हा त्रास आहे, असं तुमचं निदान. मग स्कॅन झाला, मूत्रपिंडाच्या डोक्यावर लिंबाएवढी गाठ दिसली, सर्जनबाईंनी ती काढायला सांगून तारीखही दिली, आणि "चालू पंप खोलायचा नसतो" असं त्यांना ऐकवून तुम्ही घरी निघून आलात. जन्मभर पंप दुरुस्त केलेत, त्यामुळे यावर कुणी काही बोलूच शकत नाही अशी तुमची समजूत आहे.

पण घाबरू नका, या पत्रात त्या विषयावर चकार शब्द काढणार नाही. तुमची ताकीद लक्षात आहे. परवा फोनवर मी नुसतं "ऑप" एवढंच म्हटलं, तर तुम्ही "रेंज नाही, रेंज नाही" म्हणून फोन ठेवलात. (काका, तुमचा फोन भिंतीला वायरने जोडलेला आहे.) म्हणून हे पत्र, आणि पत्रात फक्त माझ्या कामाची हकिगत. पुतणी दिवसभर पांढरा कोट घालून नक्की करते काय, असं तुम्ही नेहमी विचारता आणि मी सांगायला लागले की वर्तमानपत्र उघडता. आता उघडू नका.

तर काम असं. तुमच्या (चुकले, कुणाच्याही) मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते. तिच्यात क्वचित गाठ होते, म्हणजे लाखात एखाद्याला. ही गाठ गप्प बसत नाही. लहर आली की अंगात असं काही रसायन सोडते की मागे वाघ लागल्यासारखं शरीर पळायची तयारी करतं, आणि माणूस बिचारा फक्त नाडी बांधत असतो. लाखात एखाद्याला होणारी गाठ, आणि तिच्यावर पोट भरणारी पुतणी ज्याच्या घरात आहे नेमकी त्यालाच व्हावी, याला मी योगायोग म्हणते. काकू म्हणते, हा यांचा हट्टीपणा. असो. विषय निघाला म्हणून लिहिलं, मी काढलेला नाही.

या गाठीच्या पेशी बशीत वाढवायच्या, म्हणजे त्यांच्यावर औषधं तपासून बघता येतात. ज्यांची गाठ अंगभर पसरलेली असते आणि कापून काढता येत नाही अशा लोकांना आज देण्यासारखं फारसं काही नाही, त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. पण अंगात असताना कुणाला न विचारता वाढणारी ही गाठ बशीत ठेवली की रुसून बसते. आम्ही तिला ऊब देतो, हवा मोजून देतो, खाऊपिऊ घालतो (लालसर रंगाचं एक पोषक द्रव असतं, माझ्या पगारात मी स्वतः असलं महागडं कधी प्यायलेली नाही), तरी आठवड्याभरात सगळ्या पेशी मान टाकतात. असं कितीदा झालं याचा हिशेब मी ठेवत नाही. लांब्या ठेवतो. लांब्या म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारा सहकारी, जो प्रयोगशाळेच्या दारात रोज कपाळ आपटून घेतो आणि रोज दाराला दोष देतो.

आणि मग मागच्या वर्षी एका बाईंच्या गाठीच्या पेशी जगल्या. जगल्या काय, फोफावल्या! बशी भरली, दुसऱ्या बशीत हलवल्या, तीही भरली. लांब्या म्हणाला, बाईंची प्रकृतीच दांडगी असणार. आमच्या प्रमुख मॅडमना हसताना पाहिल्याचं सांगणारा एकही माणूस इमारतीत नव्हता, त्या सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर करून चक्क हसल्या. आम्ही त्या पेशींना तळहाताच्या फोडासारखं जपलं. सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी खायला घालायला यायचं. लांब्या तर सख्ख्या बहिणीच्या लग्नातून मध्येच पळून आला आणि फोटोत कुठेच नाही, म्हणून घरचे अजून त्याच्याशी धड बोलत नाहीत. मॅडमनी एका मोठ्या परिषदेत जाहीर करून टाकलं की जगात कुणाला जमलं नाही ते आम्हाला जमलं. बाहेरगावचे लोक आमच्या बश्या बघायला येऊ लागले, आणि मी त्यांच्यासमोर, तुम्ही नवा पंप सुरू करून दाखवताना उभे राहता ना, अगदी तशी कमरेवर हात ठेवून उभी राहायचे.

पेशी खरोखर त्याच रुग्णाच्या आहेत का, हे तपासून घ्यायचा नियम आहे. आम्ही त्या पाठवून दिल्या आणि विसरून गेलो. एक दिवस चाचणी करणाऱ्या बाईंचा फोन आला. त्यांनी विचारलं, "तुमचं काम उंदरांवर चालतं का?" मी म्हटलं, "छे हो, माणसांवर." "अस्सं," म्हणून त्यांनी नमुन्याचा नंबर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "तुमच्या बशीत मात्र उंदीरच आहे."

झालं होतं असं, की आमच्या शेजारच्या खोलीत याच ग्रंथीच्या, पण उंदराच्या पेशी वाढवतात. त्या कुठेही वाढतात, त्यांना लाज नाही. एकदा आमचं पोषक द्रव संपलं, तेव्हा वाटीभर साखर मागावी तसं लांब्या शेजारून अर्धी बाटली उसनी घेऊन आला. त्या बाटलीत शेजाऱ्यांची नळी आधी बुडालेली होती, आणि तिच्याबरोबर उंदराच्या चार पेशी द्रवात उतरून आमच्याकडे मुक्कामाला आल्या. बाईंच्या पेशी बिचाऱ्या केव्हाच मरून गेल्या होत्या. आम्ही एवढे महिने उंदराला न्हाऊमाखू घालत होतो, पाहुण्यांना दाखवत होतो आणि त्याच्यासाठी लग्नं सोडून येत होतो.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. लांब्या तर दाराला न आपटताच खाली बसला. मॅडमनी मात्र दुसऱ्या दिवशी परिषदवाल्यांना कळवून टाकलं की आमचा दावा आम्ही मागे घेतो, पेशी उंदराच्या निघाल्या. तसंच्या तसं, काहीही सारवासारव न करता. मग बाह्या वर सरसावून स्वतः बश्या उबेत ठेवायचं कपाट धुवायला घेतलं. सगळ्या बश्या फेकल्या, नळ्या फेकल्या, आणि आता आमच्या बाटलीला हात लावायचा तर आधी नाव लिहावं लागतं. शेजारची खोली रागावली आहे, ते आम्हाला पेन्सिलसुद्धा देत नाहीत. मॅडमना मी विचारलं, आता काय? त्या म्हणाल्या, "आता काय म्हणजे? पुन्हा." काका, मी त्या दिवशी ठरवलं, या बाई निवृत्त होईपर्यंत आपण हे टेबल सोडायचं नाही.

पण पुन्हा म्हणजे नवी गाठ हवी, आणि ती काही दुकानात मिळत नाही. महिनोन्‌महिने वाट पाहिल्यावर एक गृहस्थ भरती झाले. त्यांनी गाठ संशोधनाला द्यायची तयारी दाखवली. मी सकाळपासून ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसले. (हा शब्द मी त्या खोलीचं नाव म्हणून वापरलाय, तो धरायचा नाही.) थोड्या वेळाने सर्जनबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, रद्द. पेशंटने सकाळी बिस्किट खाल्लं. उपाशीपोटी राहायचं असं चार जणांनी चारदा बजावलं होतं, पण त्यांचं म्हणणं असं की एक बिस्किट म्हणजे काही खाणं नव्हे. मला ते गृहस्थ फार ओळखीचे वाटले.

तरातरा त्यांच्या खोलीत गेले. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून गेले होते. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मुद्दाम खाल्लं हो." त्यांना भीती वाटत होती, आणि एवढ्या मोठ्या वयात तसं कुणाला सांगायची लाज वाटत होती. बिस्किट खाणं त्यापेक्षा सोपं होतं. माझा राग कुठे गेला कळलंच नाही. मी डबा खाली ठेवून त्यांच्याजवळ बसले, आणि आम्ही दोघांनी उरलेला पुडा संपवला. (रद्द झालंच होतं, आता हरकत नव्हती.) पुढच्या आठवड्यात ते आपणहून परत आले.

त्या मधल्या दिवसांत मॅडमनी मला दुसरं काम दिलं होतं. हृदयाच्या पेशी बशीत वाढवल्या तर त्या बशीतसुद्धा ठोके देतात, सगळ्या मिळून, एका लयीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जेवायला जायचं विसरले. त्यांच्यावर या गाठीचं रसायन थेंब थेंब सोडायचं आणि काय होतं ते बघायचं. आधी त्या भराभर धडधडतात. मग रसायन धुऊन काढलं की शांत होतात, काहीच झालं नाही असं वाटतं. पुन्हा सोडलं, पुन्हा शांत. असं करत करत एका खेपेला रसायन धुतलं आणि काही पेशी शांत झाल्या नाहीत, थांबल्या. मी खूप वेळ बघत बसले. त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. हे मी तुम्हाला उद्देशून सांगत नाहीये, माझ्या कामाची हकिगत सांगतेय. पण त्या संध्याकाळी घरी जाताना मला पाव तासात जागच्या जागी येणाऱ्या सगळ्या गोष्टींचा फार राग आला.

असो. बाकी क्षेम. काकूला नमस्कार. वरच्या मजल्यावरच्या माणसाला सांगा, खुर्च्या खुशाल सरकव.

तुमची,
भिंगरी

ता. क. आता मुद्द्याचं लिहिते. काका, मला तुमची गाठ हवी आहे. कामासाठी. तुमच्या वर्कशॉपमध्ये येऊन कुणीही जुना पार्ट मागितला तर तुम्ही कधी नाही म्हटलेलं नाही, अगदी तुमच्याशी भांडण असलेल्या माणसालासुद्धा. मग सख्ख्या पुतणीने लिंबाएवढी, तुम्हाला काडीचा उपयोग नसलेली वस्तू मागितली तर एवढा विचार कसला? सर्जनबाईंनी तारीख अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. माझं सगळं काम अडून बसलंय असं समजा.

ता. क. २. वरचा ता. क. खोटा आहे. स्वतःसाठी तुम्ही काही करणार नाही, पण दुसऱ्याचं काम अडलं तर धावाल, हे ओळखून लिहिला होता. खरं असं, की घरच्या माणसाच्या नमुन्याला मी हातसुद्धा लावू शकत नाही, आमच्याकडे तशी सक्त बंदी आहे. आणि माझं काम अडलेलंही नाही. बिस्किटवाल्या गृहस्थांची गाठ निघाली, ते घरी हिंडूफिरू लागले, त्यांच्या पेशी बशीत तग धरून आहेत आणि आम्ही त्या पहिल्याच आठवड्यात तपासून घेतल्या. माणसाच्या आहेत. तेव्हा तुमच्या गाठीशी मला काहीही देणंघेणं नाही, ती त्यांनी खुशाल फेकून द्यावी. मला तुम्ही हवे आहात. मला भीती वाटते, काका. बशीतल्या थांबलेल्या पेशी मी टाकून देऊन पुन्हा सुरुवात करते, पण तुमच्या बाबतीत मला "पुन्हा" म्हणता येणार नाही.

ता. क. (हा शेवटचा). पाकिटाला तिकीट नव्हतं हे तुमच्या लक्षात आलंच नसेल. काकूने पत्र हातात आणून दिलं आणि "पोस्टाने आलं" म्हणाली, ती माझ्या सांगण्यावरून. ही ओळ मी तुमच्या घरामागच्या वर्कशॉपमधल्या बाकावर बसून लिहितेय. प्रेशर आटोक्यात आणायच्या ज्या गोळ्या ऑपरेशनच्या आधी काही दिवस घ्यायच्या होत्या, त्या वॉशरच्या डब्यात सापडल्या. त्यातली पहिली आणि पेलाभर पाणी माझ्या हातात आहे. मी रजा घेऊन आलेय आणि तुम्हाला घेतल्याशिवाय जाणार नाही. आता हे वाचून माझ्यावर ओरडू नका, ओरडलं की प्रेशर चढतं. नुसती हाक मारा.